परमुलखात फोन चालू ठेवायचा तर



दसरा झाला की आपल्या तलवाड्यात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर, तांड्यांवर बांधाबांध सुरू होते. ताडपत्री, पातेली, तवा, पिठाचा डबा, कोयते घासायची कानस, लेकरांचे स्वेटर, म्हातारीच्या गोळ्या. कुणाची टोळी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणाची सोलापूर-पुण्याकडे, तर कुणाची थेट बेळगाव-बागलकोटकडे कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत चार-पाच महिने घराला कुलूप. या सामानाची यादी आपल्याला कुणी लिहून द्यावी लागत नाही, ती आज्जीपासून तोंडपाठ आहे. पण त्या यादीत एक वस्तू आज्जीच्या वेळी नव्हती. ती म्हणजे मोबाईल. आणि या मोबाईलची एक अडचण आहे. बैलांना फडात वाढं मिळतं, आपल्याला चुलीवर भाकरी मिळते, मोबाईलला मात्र लागते वीज, आणि कोपीत वीज नसते.

तर आज बोलायचंय ते यावर. घरापासून लांब, परक्या मुलखात, फोन चार्ज कसा ठेवायचा. आधी कारखान्यावर जाणाऱ्यांसाठी बोलू, कारण आपल्यात त्या जास्त आहेत. मग ज्या विमानाने बाहेरदेशी जातात त्यांच्यासाठी, म्हणजे हजला, उमऱ्याला किंवा लेका-लेकीकडे. दोघींचा प्रवास निराळा, पण अडचण एकच की आपल्या घरचा बोर्ड मागे राहतो.

कुणी म्हणेल, चार दिवस फोन बंद राहिला तर काय बिघडतं? असं बघा. कोपीत एखादी बाई दिवसांची आहे. रात्री दोनला तिला कळा सुरू झाल्या. मुकादम दुसऱ्या गावात, ट्रॅक्टर कारखान्याच्या नंबरात उभा, रस्ता अर्धा कोस लांब. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, कर्नाटकातही हाच १०८ नंबर चालतो, आणि ११२ तर देशात कुठूनही लागतो. पण हे तिन्ही तेव्हाच उपयोगाचे, जेव्हा त्या रात्री दोनला एका तरी कोपीतल्या फोनमध्ये जीव असेल. साप चावला, लेकरू तापानं फणफणलं, गावाकडे म्हातारा आजारी पडला, सगळ्याला तेच लागू. म्हणून चार्जिंगला मी गाणी-व्हिडिओची हौस म्हणत नाही. ते ताडपत्री आणि पाण्याच्या हंड्याच्या रांगेतलं सामान आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपण उघड बोलत नाही. पुष्कळ कोयत्यांमागे फोन एकच असतो, आणि तो राहतो मालकांच्या खिशात. मालक गाडी घेऊन कारखान्यावर गेले, रात्रभर वजनकाट्याच्या रांगेत अडकले, की बाई आणि लेकरं कोपीत बिनफोनाची. त्यामुळे चार्जिंगचा विचार करताना आधी हे विचारा की गाडी गेल्यावर मागे कोणता फोन राहतो, आणि त्याची बॅटरी किती असते.

आता जरा हिशोब करू. बचत गटाच्या वहीत आपण रुपये मांडतो, तसे इथे विजेचे मांडायचे. आजकालच्या मोठ्या पडद्याच्या फोनवर बॅटरी ५००० असं लिहिलेलं असतं. ती रिकामी असताना पूर्ण भरायला, वाटेत वाया जाते ती धरून, साधारण २५ वॅट-तास वीज लागते. वॅट-तास म्हणजे काय? आपल्या मीटरवरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे एका युनिटात असे ४० फोन पूर्ण भरतात. युनिटला दहा रुपये धरले तरी एक फोन भरायला चार आणे. पुन्हा सांगते, चार आणे! दुकानात किंवा टपरीवर फोन लावायचे पाच-दहा रुपये देतो, ते विजेचे नसतात, ते जागेचे आणि राखणीचे असतात. देऊ नका असं मी म्हणत नाही. पण किंमत माहीत असावी.

कारण हाच हिशोब मुकादमापुढे मांडायचा आहे. वीस-पंचवीस कोयत्यांची टोळी असली आणि सगळे मिळून ५० फोन रोज पूर्ण भरले, तरी दिवसाला सव्वा युनिट वीज लागते. पाच महिन्यांचे दिवस १५० धरले तर सगळ्या हंगामात दोनशे युनिटांच्या आत. उचलीच्या बोलीत जिथे हजारांचे आकडे फिरतात, तिथे ही रक्कम काहीच नाही. तेव्हा करार करतानाच म्हणायचं की कोप्या पडतील तिथे किंवा जवळच्या एखाद्या घरी, गोठ्यावर, एक चांगला बोर्ड आणि रात्रीचा एक दिवा पाहिजे, त्याचं बिल मुकादमानं किंवा कारखान्यानं भरायचं. एकटीनं म्हटलं तर हसण्यावारी नेतील. दहा-बाराजणींनी मिळून, निघायच्या आधी म्हटलं, तर ऐकावं लागतं. उचल अंगावर घेतल्यावर बोलून उपयोग नाही.

बोर्ड मिळाला नाही तर काय? मग जिथे मिळेल तिथे. पिठाची गिरणी सगळ्यात बरी, कारण दळण आणायला आपणच जातो आणि तास-दीड तास तिथे थांबतो. किराणा दुकान, चहाची टपरी, ज्यांच्याकडून दूध घेतो ते घर. शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत पुष्कळजणी फोन लावतात. त्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शेतीच्या लाईनला वीज पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री, म्हणून फोन लावला आणि संध्याकाळी काढला तर तो तसाच रिकामा, असं होतं. आणि मोटर चालू-बंद होताना दाब वर-खाली होतो, त्यात हलका चार्जर जळतो. स्टार्टरच्या पेटीतून उघड्या वायरी ओढून केलेलं कनेक्शन असेल तर तिथे फोन लावूच नका. ती तीन फेजची लाईन असते, हात लागला तर माणूस जागेवर जातो.

आकडा टाकण्याबद्दल स्पष्ट बोलते. खांबावरच्या तारेवर आकडा टाकून कोपीत दिवा आणि चार्जर लावणं हे आपण पाहिलेलं आहे. कोपी कशाची असते? पाचटाची, चिपाडाची, प्लास्टिकची. बाजूला ओल, दहिवर, नाहणीचं पाणी, आणि खाली सरपटणारी लेकरं. वाऱ्यानं वायर घासली, ठिणगी पडली, तर सगळ्या कोप्या एका ओळीत पेटतात. शिवाय २००३ च्या वीज कायद्याच्या १३५ कलमाखाली तो चोरीचा गुन्हा आहे, आणि परमुलखात पोलीस आले तर मुकादम आपल्यासोबत उभा राहीलच असं नाही. चार आण्यांच्या विजेसाठी हे करू नये.

ट्रॅक्टरचा मार्ग चांगला आहे, पण नीट वापरायचा. ट्रॅक्टरची बॅटरी असते १२ व्होल्टची, फोनला साध्या चार्जिंगला लागतात ५. कुणी हुशारी करून बॅटरीच्या दोन वायरी थेट फोनच्या पिनेला जोडतं, तर फोन गेलाच समजा. मध्ये गाडीचा यूएसबी चार्जर लागतो. तो बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तोच १२ चे ५ करतो. मोटारसायकलीच्या हँडलला बसवायचाही मिळतो. ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत उभा असताना इंजिन बंद असतं, तेव्हा रात्रभर सात-आठ फोन लावले तर सकाळी स्टार्टर उचलत नाही म्हणून ड्रायव्हर ओरडतो, आणि त्याचं बरोबर असतं. चालू गाडीवर चार्ज करा. बैलगाडीवाल्यांना ही सोय नाही. त्यांच्यासाठी पुढचं जास्त कामाचं.

पॉवर बँक. नाव बँक असलं तरी ती आपल्या बचत गटासारखीच आहे, आधी भरायचं आणि मग काढायचं, आणि काढताना भरलं तेवढं मिळत नाही. बाजारात सगळ्यात जास्त खपते ती १०००० ची. दुकानदार म्हणतो, फोनची बॅटरी ५०००, म्हणजे दोनदा पूर्ण भरेल. तसं होत नाही. आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट असतो, तो वाढवून ५ करताना आणि फोनमध्ये उतरताना तिसरा हिस्सा तरी वाटेत जातो. खरा हिशोब एक फोन पूर्ण आणि वर थोडं, एवढाच. ज्यांना गिरणीवर आठवड्यातून एकदाच जायला मिळतं, त्यांना एकट्या पॉवर बँकेवर मोठ्या पडद्याचा फोन आठवडाभर चालवता येणार नाही.

मात्र साधा बटणाचा फोन चालवता येतो, आणि आज मला सगळ्यात आग्रहानं जर काही सांगायचं असेल तर ते हेच. बटणाच्या फोनची बॅटरी १००० च्या आसपास असते. नुसतं बोलायला आणि ऐकायला ठेवला तर एका चार्जात तीन-चार दिवस सहज निघतात. तीच १०००० ची पॉवर बँक त्याला पाच-सहा वेळा भरते. म्हणजे एकदा गिरणीवर पॉवर बँक भरून आणली की पंधरा-वीस दिवस त्या फोनला बघायला नको. हजार-बाराशेच्या घरात असा फोन मिळतो, टॉर्च त्यालाच असते. मोठ्या पडद्याचा फोन मालकांकडे राहू द्या, बटणाचा आपल्या कोपीत. घरात दोन फोन म्हणजे श्रीमंती, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

पॉवर बँक घेताना नाव बघू नका, मागचं बारीक अक्षर बघा. भारतात विकायच्या पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मागे त्यांची खूण असते आणि तिच्याखाली इंग्रजी आर या अक्षरापासून सुरू होणारा नंबर असतो. तो नंबर ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर टाकला की कंपनी खरी का खोटी ते कळतं. गटात शिकलेली एखादी पोरगी असतेच, तिच्याकडून तपासून घ्या. बाजारात स्वस्तात मोठा आकडा छापलेली पॉवर बँक हातात घेतली आणि ती पिसासारखी हलकी लागली, तर आत सेल कमी आणि हवा जास्त, असं समजायला हरकत नाही. फुगलेली पॉवर बँक किंवा फुगलेला फोन पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, चुलीत तर कधीच टाकायचा नाही. कोपीपासून लांब, मोकळ्या जागी ठेवून द्यायचा. आणि चांगली असली तरी रात्री गोधडीखाली, पाचटावर ठेवून चार्जिंग नको. ताटात किंवा पत्र्याच्या पेटीवर उघडी ठेवा, तिला हवा लागू द्या.

आता ऊन. आपल्याकडे दुष्काळ पाण्याचा, उन्हाचा कधीच नाही. हंगाम थंडीचा असला तरी दिवसभर आभाळ बहुधा स्वच्छ असतं. घडी घालता येते असं १० वॅटचं सोलर पॅनेल मिळतं, त्याला यूएसबीचं तोंड असतं. पॅकेटवरचे १० वॅट म्हणजे ऐन दुपारी, सरळ उन्हात. दिवसभराचा हिशोब धरला, धूळ आणि तिरपं ऊन वजा केलं, तर तीसेक वॅट-तास हाती लागतात. म्हणजे दिवसाला एक मोठा फोन किंवा पाच-सहा बटणाचे.

पॅनेल कसं ठेवता याने मोठा फरक पडतो. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पॅनेल दक्षिणेला तोंड करून, मागे दगड लावून तिरपं उभं करा, जमिनीवर सपाट नको. उगवतीकडे तोंड केलं तर दोन डोकी फिरली, मी फिरले, तुकडा तुकडा मिळेल. त्याच्यावर बाभळीच्या एका फांदीची जरी सावली पडली तरी सगळ्या पॅनेलची वीज घटते, नुसती तेवढ्या कोपऱ्याची नाही. फडाची धूळ आणि जाळलेल्या पाचटाची काजळी रोज ओल्या फडक्याने पुसायची. आणि पॅनेलला थेट फोन लावू नका. ढग आला की चार्जिंग तुटतं, काही फोन परत आपोआप घेत नाहीत, शिवाय फोन दिवसभर आपल्याजवळ पाहिजे. पॅनेलला पॉवर बँक लावा आणि ती पॅनेलच्याच सावलीत, मागच्या बाजूला ठेवा. संध्याकाळी पॉवर बँकेवरून फोन भरा. उन्हात तापलेली बॅटरी लवकर मरते.

यातली खरी अडचण वेगळी आहे, ती विजेच्या पुस्तकात नसते. आपण पहाटे चारला फडात जातो आणि दिवस मावळायला येतो. मागे पॅनेल कोण राखणार? कोप्यांवर एखादी म्हातारी किंवा लेकरं सांभाळणारी मोठी पोरगी असते, तिच्यावरच हे पडतं. मला वाटतं पॅनेल एकेकटीनं घेण्यापेक्षा टोळीतल्या चार-पाच घरांनी मिळून घ्यावं. राखणारी एक, पॅनेल एक आणि पाळी ठरलेली. गटाच्या पैशातून घेतलं तर नोंद गटाच्या नावावर आणि हंगाम संपल्यावर ते गावात परत. गावातही दिवाबत्ती गेली की उपयोगी पडतं. सोलर म्हटलं की बायकांना कुठं कळतंय, असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, मुंबईच्या आयआयटीने शाळकरी मुलांसाठी सोलर दिवे करायचं काम काढलं तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत खेड्यांतल्या बचत गटांच्या बायकांनीच ते दिवे जोडले, विकले आणि बिघडले तर दुरुस्त केले. राजस्थानात तिलोनिया गावी तर आफ्रिकेहून आलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या आज्ज्या सोलरचं काम शिकून गेल्या.

चार्जिंग मिळवण्याइतकंच ते जपणंही महत्त्वाचं. फोनची सगळ्यात मोठी खादाडी दोन ठिकाणी असते, पडद्याच्या उजेडात आणि रेंज शोधण्यात. उजेड कमी करणं सगळ्यांना माहीत आहे. रेंजचं कमी जणींना. टॉवर लांब असला की फोन जोर लावून बोलतो आणि पुन्हा पुन्हा टॉवर हुडकत राहतो, त्यात नुसता खिशात असून बॅटरी अर्ध्यावर येते. कर्नाटकच्या सीमेवर हे फार होतं. अशा ठिकाणी रात्री फोन बंद ठेवायचा मोह होतो, पण वर सांगितलं तसं रात्रीच गरज पडते. म्हणून बंद करण्यापेक्षा विमानाची खूण असलेलं बटण दाबून ठेवा, आणि गावाकडे सांगून ठेवा की आमचा फोन रोज संध्याकाळी सात ते आठ लागेल. गरज पडली की बटण पुन्हा दाबलं, फोन तयार. नेट वापरून झालं की बंद. आणि बॅटरी पार शून्यावर जाऊ देऊ नये, वीसच्या आसपास आली की चार्जिंगची तजवीज बघावी, म्हणजे ती जास्त वर्षं टिकते.

फडात फोन कुठे ठेवता? कमरेला खोचला तर घामानं भिजतो, मोळीवर ठेवला तर उन्हात भाजतो. कापडी पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी, सावलीत ठेवा. आणि एका कागदावर नंबर लिहून ठेवा, गावाकडचा, मुकादमाचा, आशाताईचा, फड ज्याचा त्या शेतकऱ्याचा, आणि ज्या गावात आहोत त्याचं नाव, तालुका. फोन मेला की त्यातले सगळे नंबर त्याच्याबरोबर जातात, आणि दुसऱ्याचा फोन मागून घेतला तरी लावायचा कुणाला, हा प्रश्न उरतो. १०८ वाले पहिला प्रश्न विचारतात तो कुठे यायचं हाच. परक्या मुलखात गावाचं नाव ऐनवेळी आठवत नाही.

आता विमानाने जाणाऱ्यांकडे वळते. तिथे वीज भरपूर आहे, पण बोर्डाची भोकं निराळी आणि काही देशांत विजेचा दाबही निराळा. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट असतात. सौदी, दुबई, ओमान, कतार, इंग्लंड इथेही २२० ते २४०, म्हणजे आपल्याइतकेच. फक्त तिथल्या पिना तीन आणि चपट्या असतात, आपली गोल पिन त्यात बसत नाही. मॉरिशसमध्येही बहुतेक घरांत हेच चपटं चालतं, जिथे आपल्या कोकणातून गेलेल्या लोकांची मराठी घरं आहेत. युरोपात गोल भोकं असतात, आपल्या मोबाईल चार्जरच्या दोन बारीक पिना तिथे बहुधा सरळ बसतात. इस्राएलमध्येही, आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलींच्या देशात, त्या दोन बारीक पिना चालतात. अमेरिकेत मात्र दोन चपट्या उभ्या पट्ट्या, आणि दाब आपल्या निम्मा, १२० व्होल्ट. जपानात तर १००.

भोकं जुळत नाहीत म्हणून जो ठोकळा मध्ये लावतात, त्याला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. तो फक्त पिनेचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. मग अमेरिकेत फोन चार्ज होईल का? त्याचं उत्तर आपल्याच चार्जरवर लिहिलेलं आहे. चार्जर उलटा करा, बारीक अक्षरात इनपुट असा इंग्रजी शब्द असतो आणि त्यापुढे आकडे. १०० ते २४० असं असेल तर तो चार्जर जगात कुठेही चालतो, नुसता अ‍ॅडॉप्टर पुरे. आजकालच्या जवळजवळ सगळ्या फोन चार्जरवर हेच असतं. पण मिक्सरवर, इस्त्रीवर, पाणी तापवायच्या रॉडवर एकच आकडा असतो, २२० किंवा २३०. सुनेला घरची चटणी आवडते म्हणून मिक्सर अमेरिकेला नेला तर तो तिथे घरघर करून बसेल. दुबईला नेला तर चालेल.

अ‍ॅडॉप्टर गावाकडूनच न्या, बीडच्या किंवा संभाजीनगरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. विमानतळावर तोच तिप्पट भावाने घ्यावा लागतो.

पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवायची, विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत कधीच नाही. हा नियम जगभर आहे. वजन करून दिलेल्या बॅगेत ती सापडली तर बॅग उघडून काढून टाकतात. कारण असं की लिथियमची बॅटरी पेटली तर वर बसलेल्या माणसांना दिसते आणि विझवता येते, खाली सामानात पेटली तर कुणाला कळत नाही. २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं, माणसं घसरगुंडीवरून उतरली म्हणून वाचली. तपास करणाऱ्यांनी सांगितलं की वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेतून आग लागली असावी. तेव्हापासून नियम कडक होत गेले. दुबईच्या एमिरेट्स कंपनीने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली, माणशी एकच न्यायची, आणि ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, पुढच्या सीटच्या खिशात किंवा सीटखाली. किती मोठी चालते? १०० वॅट-तासांपर्यंत. आपली १०००० ची ३७ वॅट-तासांची असते, २०००० ची ७४ ची, म्हणजे दोन्ही चालतात. पण तो आकडा तिच्यावर छापलेला दिसला पाहिजे. अक्षरं पुसलेली असतील तर तपासणारा काढून घेतो, आणि त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

हजला जाणाऱ्या बहिणींसाठी आणखी थोडं. मक्का-मदिनेत खोलीत बोर्ड असतात. अडचण येते ती मीना, अराफात आणि मुझदलिफाच्या दिवसांत. मीनाच्या तंबूत बोर्ड आहेत, पण माणसं फार. मुझदलिफाची रात्र तर उघड्या मैदानावर काढायची असते, तिथे कुठला बोर्ड? आणि नेमकी तिथेच चुकामूक होते. भारत सरकारचं ‘हज सुविधा’ हे मोबाईल ॲप २०२४ मध्ये निघालं, त्यावर आपला तंबू, बस, मदतीचा माणूस बघता येतो, पण फोन बंद असेल तर ॲप कुठे उघडणार! मीनाला निघायच्या आदल्या रात्री खोलीतच फोन आणि पॉवर बँक दोन्ही पूर्ण भरून घ्या, दिवसा फोन फक्त कामापुरता. उन्हाचं मात्र फार सांभाळा. २०२४ च्या जूनमध्ये हजच्या दिवसांत मक्केत पारा ५१ च्या वर गेला होता. बहुतेक कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणतात. जास्त तापला की तो स्वतःहून चार्जिंग घेणं थांबवतो, पडद्यावर तापल्याची खूण येते. तेव्हा घाबरून पुन्हा पुन्हा वायर काढघाल करू नका, त्याला बर्फातही ठेवू नका, आत पाणी सुटतं. कव्हर काढा, छत्रीच्या सावलीत ठेवा, थोड्या वेळात घेतो.

आपल्याबरोबरच्या वयस्क बाईच्या गळ्यातल्या कार्डावर मागे दोन नंबर पेनानं लिहून ठेवा, एक सोबत आलेल्या माणसाचा आणि एक गावाकडचा, गावाकडच्या नंबरापुढे ९१ लावून. आणि चार्जर, अ‍ॅडॉप्टर, पॉवर बँक तिन्हींवर लाल दोरा बांधा किंवा नाव लिहा. मीनाच्या तंबूत एकाच बोर्डाला दहा जणींचे पांढरे चार्जर लागलेले असतात, आणि सगळे एकसारखेच दिसतात.